जाहिरातीची वाट पाहणाऱ्या भाचीस

चि. मनूस,


यंदाही तासिका तत्त्वावरच नेमणूक झाल्याचं ताईकडून कळलं. तू जीव ओतून शिकवतेस, पण सुट्टीत पगार नाही आणि जून आला की पुन्हा मुलाखत, ही ओढाताण मला बघवत नाही. माझी सगळी नोकरी आस्थापना विभागात झाली. जाहिरातीच्या पलीकडची बाजू रोज पाहिली, म्हणून लिहितो.

अनुदानित कॉलेजातली जागा रिकामी झाली म्हणजे लगेच भरत नाही. कार्यभार ठरतो, आरक्षणाची बिंदुनामावली तपासली जाते, शासनाची ना हरकत येते, मग जाहिरात निघते. यात वर्षं जातात. ‘पुढच्या वर्षी तुझं नक्की’ असं कुणी म्हटलं तर त्यावर विसंबू नकोस. असं म्हणणाऱ्याच्या हातात ती जागा बहुतेक वेळा नसतेच.

तुझी सेट महाराष्ट्रात आणि गोव्यात चालते. हैदराबादला किंवा दिल्लीला अर्ज करायचा तर नेट हवी. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत कॉलेजच्या जागेसाठी छाननीत सेटला 5 गुण आहेत, नेटला 8, पीएचडीला 25. तेव्हा प्रबंध रेंगाळू देऊ नकोस. निवडीची पद्धत जाहिरातीत दिलेली असते, ती अर्जाआधी नीट वाच.

आता कागदांचं. चांगल्या चांगल्या उमेदवारांचे अर्ज अनुभवाच्या दाखल्यावर जावक क्रमांक नाही, रुजू झाल्याची तारीख नाही, एवढ्यावर अडलेले मी पाहिलेत. दर वर्षीचं नेमणूकपत्र, विद्यापीठाची मान्यता, कार्यमुक्तीचं पत्र त्या त्या वर्षीच मागून घे. पुढे प्राचार्य बदलतात, क्लार्क बदलतात, जुनी फाईल कुणी शोधून देत नाही. आणि ऑनलाइन फॉर्म भरला म्हणजे झालं असं नाही. छापील प्रत पोचवायची तारीख पुष्कळदा वेगळी असते.

आणखी एक, तुला कदाचित रुचणार नाही. सहायक कुलसचिवाच्या जागेलाही अर्ज कर. केंद्रीय विद्यापीठांत त्याला पदव्युत्तर पदवीला 55 टक्के लागतात. वेतनस्तर सहायक प्राध्यापकासारखाच दहावा. सुरुवातीचं मूळ वेतन सहायक प्राध्यापकाचं 57,700, सहायक कुलसचिवाचं 56,100. शिकवणं सोड असं मी म्हणत नाही. पण परीक्षा विभागात एखाद्या मुलाचा निकाल राखीव राहिला, गुणपत्रिका अडकली, की त्याचा पुढचा प्रवेश हुकतो. ती फाईल त्याच दिवशी हलवणारं माणूस त्या मुलाला शिक्षकाइतकंच हवं असतं. तुझ्यासारख्या, मुलांची कळकळ असलेल्या लोकांनी त्या खुर्च्यांवर यावं, असं मला फार वाटतं.

केंद्रीय विद्यापीठांच्या शिक्षकपदांसाठी ‘सीयू-चयन’ पोर्टल बघत जा. शिक्षकेतर जागांसाठी ‘रोजगार समाचार’ आणि त्या त्या विद्यापीठाचं संकेतस्थळ.

नेटचा फॉर्म सुटला की कळव, फी मी भरतो. आणि रविवारी सगळे मूळ कागद घेऊन ये. फाईल एकदा माझ्या नजरेखालून जाऊ दे.

तुझा,
मामा