आधी सोळा पायऱ्या, मग समुद्र

संगमेश्वरकडे जाखडी नाचणारे एक म्हातारबुवा बोलता बोलता म्हणाले, "आमची जाखडी मॉरिशसलाही नाचतात म्हणे." त्या एका वाक्याने मला मॉरिशसला नेलं. एरवी त्या बेटाची जाहिरात म्हणजे पांढरी वाळू, निळं पाणी आणि नवी जोडपी. मला बघायचं होतं ते त्या किनाऱ्यावर पायात घुंगरू बांधून कोण उतरलं होतं, ते.

जायचं तर भाद्रपदात जावं. मे ते ऑक्टोबर तिथला थंडीचा काळ. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत उकाडा आणि चक्रीवादळांची धास्ती. शिवाय गणेशचतुर्थीची सार्वजनिक सुट्टी त्याच दिवसांत येते, आणि बहुधा चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे विसर्जनाला. आपल्या लोकांना पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण नातेवाइकांकडे नेतो तसे आंबे, रोपं, बियाणं पिशवीत घालू नये. तिथे त्याची तपासणी कडक आहे.

पोर्ट लुईला उतरल्यावर पहिल्याच दिवशी, भारतातून आणलेले मजूर जिथे उतरत तो आप्रवासी घाट गाठावा. काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या, मधोमध झिजलेल्या. एके काळी यांच्या पायथ्याशी पाणी होतं, आता भराव आहे. 2 नोव्हेंबर 1834 रोजी 'अॅटलस' जहाजातून कलकत्त्याहून 36 करारबद्ध मजूर या बेटावर आले. पुढच्या काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसं उसाच्या मळ्यांसाठी आली, त्यांत मुंबई बंदरातून निघालेले कोकणातले आणि घाटावरचे हजारो लोक होते. 2006 साली या जागेला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. आमच्या गाडीवाल्याने इथे जेमतेम दहा मिनिटं दिली आणि नंतर जहाजांच्या लाकडी प्रतिकृती विकणाऱ्या दुकानात तासभर बसवून ठेवलं. याचा मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. दुसऱ्या दिवशी मी बसने एकटीच परत गेले.

तिथे उभं राहिलं की एक जुना वाद डोक्यात सुरू होतो. इतिहासकार ह्यू टिंकर यांनी 1974 सालच्या पुस्तकात या करारमजुरीला गुलामगिरीचीच नवी पद्धत म्हटलं. दुसऱ्या इतिहासकार मरीना कार्टर यांनी नंतर दाखवलं की ही माणसं नुसती हाकलून आणलेली नव्हती. ती गावी परतली, भाऊबंदांना घेऊन पुन्हा आली, सरदार म्हणजे मुकादम झाली, पैसा साठवून त्यांनी जमिनी घेतल्या. कार्टरबाईंचं म्हणणं मला पटतं, कारण त्यात पूर्वजांना स्वतःची अक्कल आणि इच्छा असते. पण एक दिवस कामावर गेला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची, पास जवळ नसला तर भटक्या म्हणून पकडायचं, हा कायदा ज्याच्या डोक्यावर होता त्याच्या कराराला मोकळा करार कसं म्हणायचं? 1871 मध्ये आडोल्फ द प्लेव्हिट्झ नावाच्या गोऱ्या मळेवाल्याने मजुरांच्या हजारो सह्या गोळा करून अर्ज पाठवला, तेव्हा कुठे चौकशीला आयोग आला. मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या आणि छायाचित्रं जपून ठेवली आहेत. त्या चेहऱ्यांकडे बघताना टिंकरकडे पारडं झुकतं. बाहेर आल्यावर त्यांच्या पतवंडांचे ऊस दिसतात आणि कार्टर पुन्हा खऱ्या वाटू लागतात.

तिथली रीतभात मला या इतिहासातूनच कळली. पश्चिमेकडच्या कास्काव्हेलसारख्या गावात मराठी घरं आहेत, पण आडनावं जाधव-कदम नाहीत. कारकुनाने पणजोबाचं जे नाव वहीत लिहिलं तेच बहुतेकांचं आडनाव झालं. तेव्हा भेटल्या भेटल्या 'मूळ गाव कुठलं, कोणात तुम्ही' असं विचारू नये. घरात क्रेओल, वर्तमानपत्र फ्रेंच, संसदेत इंग्रजी, आणि मराठी शाळेत, देवळात, भजनात. त्यांचं मराठी सुधारायला जाणं हा उद्धटपणा आहे. विचारल्याशिवाय फोटो काढू नये, देवघराचा तर नाहीच. दुकानात शिरताना किंवा बसमध्ये चढताना आधी 'बोंझूर' म्हणावं, मग काम सांगावं. एवढ्याने माणसाचा चेहरा बदलतो. पोहण्याचे कपडे किनाऱ्यापुरतेच. गावाकडच्या बस संध्याकाळी लवकर बंद होतात, हे गणपतीच्या घरी रंगलेल्या गप्पांत विसरू नये.

आणि हो, जाखडी बघितली. गोल करून, मधे ढोलकी आणि झांज, मुलींच्या पायात घुंगरू. गाण्यातले सगळे शब्द मला लागले नाहीत, पण पाऊल पडत होतं ते ओळखीचं. एका आजींनी हाताला धरून मला गोलात ओढलं, "ये गो," म्हणाल्या.

शामारेलची रंगीत माती आणि पाम्पलमूसची कमळं बघितली. त्यांच्याविषयी सगळ्यांनी लिहिलं आहे. ग्री ग्रीचा दक्षिण किनारा जरूर बघावा, मात्र पाण्यात उतरू नये. तिथे प्रवाळाचा बांध नाही, लाटा थेट येतात. बाकी ठिकाणी पायात रबरी बूट हवेत, खडकांत काटेरी समुद्री साळू असतात. प्रवाळ आणि शिंपले उचलून आणू नयेत.

आपली माणसं आपल्याच कहाणीत रमतात, हे मात्र मला खटकलं. या बेटाची आणखी एक कहाणी आहे. ल मॉर्न डोंगराच्या कड्यावर पळून गेलेले आफ्रिकी गुलाम लपत. 1 फेब्रुवारी 1835 ला गुलामगिरी संपली आणि तिची जागा भरायला त्याच सुमारास आपली माणसं आणली गेली. सेगा नाच त्या गुलामांचा, रावान हे कातड्याचं वाद्य आगीवर तापवून वाजवायचं. हॉटेलातल्या रोषणाईत ते सगळं शोभेचं होतं. पोर्ट लुईला 2023 पासून गुलामगिरीचं संग्रहालय आहे, घाटापासून पायी जाण्यासारखं. दोन्ही एका सकाळी बघावीत, आधी ते, मग घाट. नंतर बाजारात ढोल पुरी घ्यावी. ती जोडीनेच देतात, आत वाटाण्याच्या डाळीचं सारण, वर घेवड्याची भाजी आणि टोमॅटोची रुगाय. मिरचीची चटणी थोडीच मागावी, झणझणीत असते.