समासातली भूक

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची लॉगबुकं तपासायला घेतली की माझा हात आपोआप 'छान' लिहायला सरसावतो. निवृत्ती पुढच्या वर्षावर आली, अंगठ्याचा सांधा दुखतो, म्हणून शेरे आखूड झाले असं मी सांगतो. खरं म्हणजे रिफ्लेक्शनवर शेरा कसा लिहावा, हे मला अजून जमलेलं नाही.

२०१९मध्ये नवा अभ्यासक्रम आला, सोबत एटकॉम, म्हणजे वृत्ती, नीतिमत्ता आणि संवादाचे धडे. त्यातला 'मृतदेह हा पहिला गुरू' हा भाग आम्हा अ‍ॅनाटॉमीवाल्यांचा. काय घडलं, त्याचं काय, पुढे काय, या तीन प्रश्नांवर मुलांनी रिफ्लेक्शन लिहायचं. प्रश्न मूळचे टेरी बोर्टन या अमेरिकन शिक्षकाचे, १९७०च्या पुस्तकातले. फिलाडेल्फियातल्या शाळकरी पोरांसोबत काम करताना त्याने लॉगबुकाचा रकाना डोळ्यांसमोर ठेवला असेल, असं मला वाटत नाही. रकाना आला की सगळ्यांना एकदम कृतज्ञता वाटू लागते. हल्ली चॅटजीपीटीमुळे कृतज्ञतेचं इंग्रजीही सुधारलंय. आमच्या वेळी टेबलावर बहुधा १९४९च्या कायद्याने मिळालेला बेवारस देह असे. आता देहदानाचे येतात, नातेवाईक हात जोडून निरोप देऊन जातात. लिहिण्यासारखं खूप आहे, पण वाचायला मिळत नाही. सहकारी गठ्ठ्याने सह्या करून मोकळे होतात. मी त्यांना नावं ठेवतो खरा, पण पन्नासाव्या कृतज्ञतेपाशी त्यांचंच पटू लागतं.

यंदा एकाने मराठीत दोनच वाक्यं लिहिली : 'डिसेक्शन करताना खूप भूक लागली. लाज वाटली.'

फॉर्मालिनच्या वासात भूक खवळते, हा कित्येकांचा अनुभव. हॉलमधून थेट कँटीन गाठलेले आम्ही. पण तसं लिहून कुणी देत नाही. आता समासात काय लिहू? 'छान' म्हणजे भुकेला शाबासकी. 'का?' विचारलं तर पोरगा निबंध लिहील. नुसती सही केली, तर सरांनी वाचलंच नाही असं धरून चालेल. शेवटी लिहिलं, 'मलाही लागायची.' लिहिताना आपण किती मोकळे शिक्षक, म्हणून अंमळ सुखावलो.

पुढच्या खेपेला लॉगबुकांत भुकेची साथच आली. माझा शेरा हॉस्टेलभर फिरला होता.

मग मी भुकेल्या सगळ्यांना एकच प्रश्न लिहिला : 'त्या वेळी हातात काय होतं?' बहुतेकांच्या हातात स्काल्पेल होतं. पहिल्या भुकेल्याने मात्र लिहिलं : 'चिमटा. मस्क्युलोक्युटेनियस नर्व्ह माझ्याकडून तुटली होती. तुटलेलं टोक बायसेप्सखाली सरकवलं आणि तुम्हाला बोलावलं. तुम्ही वा म्हणालात.'

म्हणालो होतो. नुसतं वा म्हणून थांबलोही नव्हतो. शेजारच्या दोन टेबलांवरची मुलं बोलावून, कोरॅकोब्रॅकियालिसमधून आरपार जाणारी ती नर्व्ह चिमट्याने उचलून दाखवली होती. डिसेक्शन असं स्वच्छ हवं, असं वर ऐकवलंही होतं. माझ्या त्या प्रात्यक्षिकाची ख्याती आहे; निदान मी तसं समजतो.

या लॉगबुकाला अंतर्गत मूल्यमापनात मार्क असतात आणि ते शनिवारपर्यंत भरायचेत. त्याला कमी दिले तर तो पुन्हा कधी खरं लिहायचा नाही. भरघोस दिले, तर पुढच्या खेपेला हॉलमध्ये एकही नर्व्ह शाबूत उरायची नाही, निदान कागदावर तरी.