आपण कुणाच्या बाजूचे?

आमचं मेढा डोंगरातलं गाव. मुलीने समुद्र फक्त पुस्तकात पाहिला होता. चौथीची परीक्षा संपली आणि तिने जंजिऱ्याचा हट्ट धरला. केळघर घाट चढून महाबळेश्वर, मग आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, महाड, म्हसळा. दिघीला फेरीबोटीत गाडी चढवली, आगरदांड्याला उतरलो आणि राजपुरी गाठली.

तिथून शिडाच्या होडीने किल्ल्याकडे निघालो. जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही. दिसतो तो पाण्यातून वर आलेला काळा तट. अरबीत बेटाला 'जझीरा' म्हणतात, त्यावरून जंजिरा. आत कलालबांगडी तोफ आहे. चारी बाजूंनी खारं पाणी असूनही आत गोड्या पाण्याचा तलाव आहे. मुलीला त्याचंच जास्त नवल वाटलं.

गाईड छान सांगत होता. शिवाजी महाराजांना हा किल्ला घेता आला नाही, संभाजी महाराजांनाही नाही. मात्र बोलताना तो सारखं 'आपले मावळे' आणि 'ते सिद्दी' म्हणत होता. मुलगी माझ्या कानाशी लागली, "अब्बा, सिद्दी मुसलमान होते ना? मग आपण कुणाच्या बाजूचे?"

चौथीच्या पोरीला हा प्रश्न पडावा, याने पोटात कालवलं.

तिला तटावर नेलं. समोर समुद्रात पद्मदुर्ग दिसत होता. म्हटलं, "सिद्दीला शह द्यायला महाराजांनी तो बांधला. महाराजांच्या आरमारात दौलतखान नावाचा सरदार होता, तो मुसलमानच. सिद्दी मूळचे आफ्रिकेतले. आधी विजापूरच्या, मग मोगलांच्या बाजूने लढले. आणि आपली जावळी महाराजांनी 1656 मध्ये कुणाकडून घेतली?"

"चंद्रराव मोऱ्यांकडून," ती पटकन म्हणाली. चौथीचं पुस्तक पाठच होतं.

"मोरे कोण होते?"

"मराठेच."

"मग ती लढाई धर्माची होती का?"

तिने मान हलवली. थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे राज्यासाठी भांडत होते सगळे."

सिद्दींचं संस्थान 1948 मध्ये भारतात विलीन झालं. आता तटावर वडाची मुळं आहेत, आणि दोन्ही किल्ले आपलेच आहेत. पण हे पोरांना कुणीतरी सांगायला हवं. ते काम गाईडवर सोडून चालणार नाही, ते घरातल्या मोठ्यांनीच करायचं.

परतीच्या होडीत तिने विचारलं, "पद्मदुर्गावर कधी जायचं?"

पुढच्या सुट्टीत, इन्शाअल्लाह.