अनाम माणसांचं देणं

माझी मोठी बहीण, आमची अक्का, आज आपल्या पायांनी देवळात जाते. त्याचं श्रेय तिच्या डॉक्टरीणबाईंना आहे, रात्ररात्र जागणाऱ्या सिस्टरांना आहे, आणि ज्यांना मी कधीच भेटणार नाही अशा काही धडधाकट माणसांनाही आहे. त्यांचं देणं निदान कागदावर तरी मांडावं, म्हणून हे लिहिते आहे.

अक्काला मल्टिपल मायलोमा झाला. अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा हा कर्करोग. औषधांनी तो आटोक्यात आला, की रुग्णाच्याच मूलपेशी रक्तातून गोळा करून गोठवतात, जबर मात्रेची केमोथेरपी देतात आणि मग त्या पेशी परत चढवतात. आजार मुळासकट जातोच असं नाही, पण वर्षं हाती लागतात. त्यासाठी वजनाच्या दर किलोमागे निदान २० लाख मूलपेशी हव्यात. त्या रक्तात उतराव्यात म्हणून अक्काला इंजेक्शनं दिली, तरी आकडा वर सरकेना.

"घाबरू नका ताई, पेशी आहेत. फक्त जागा सोडत नाहीयेत. आज रात्री प्लेरिक्साफोर देऊ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आणि राउंड संपवून परत येऊन, कागदावर आकृती काढून त्यांनी मला सगळं समजावलं. त्यांनी दिलेला तो वेळ हे माझ्यावरचं पहिलं ऋण.

आपल्या पेशी केमोकाइन नावाच्या छोट्या प्रथिनांच्या इशाऱ्यावर हलतात. माणसात ती सुमारे ५० आहेत. जखम झाली, जंतू शिरले, की तिथल्या पेशी केमोकाइन सोडतात आणि पांढऱ्या पेशी तिकडे धावतात. १९८७ साली अमेरिकेत तेइझो योशिमुरा आणि त्यांचे सहकारी, तर स्वित्झर्लंडमध्ये मार्को बाजिओलिनी यांचा गट अशाच एका प्रथिनापर्यंत पोचला. आज त्याला इंटरल्युकिन-८ म्हणतात. हे इशारे थांबले नाहीत, तर सूज मुरते आणि कर्करोगालाही पोसते.

अस्थिमज्जेत सीएक्ससीएल१२ हे केमोकाइन असतं, आणि मूलपेशींवर त्याला धरणारा सीएक्ससीआर४ हा रिसेप्टर. गोठ्यात दाव्याला वासरू बांधलेलं असावं, तशा त्या पेशी तिथे अडकून राहतात. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवरही हाच रिसेप्टर असतो, आणि हा कर्करोग जिथे पसरतो त्या फुप्फुसांत, यकृतात, हाडांत सीएक्ससीएल१२ भरपूर असतं, हे २००१ साली दाखवलं गेलं. पेशीला घरी राखणारा इशाराच कर्कपेशीला परक्या घरात शिरायला मदत करतो.

प्लेरिक्साफोर हा रिसेप्टर अडवतं. पण ते या कामासाठी शोधलेलंच नव्हतं. बेल्जियममधल्या लुव्हेन इथे एरिक द क्लेर्क आणि त्यांचे सहकारी एचआयव्हीवर औषध शोधत होते. एका नमुन्यातल्या भेसळीतच विषाणूला रोखण्याची ताकद निघाली. त्या धाग्यावरून हे औषध घडलं. विषाणू पेशीत शिरताना ज्या दाराचा आधार घेतो ते सीएक्ससीआर४च, हे नंतर कळलं. अमेरिकेत औषध किती सुरक्षित आहे हे पाहण्यासाठी निरोगी स्वयंसेवकांना ते दिलं, तेव्हा काही तासांतच त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढल्या. पुढे मूलपेशीही रक्तात उतरतात हे दिसलं. एचआयव्हीवर ते औषध टिकलं नाही, पण २००८ साली अमेरिकेत मूलपेशी गोळा करण्यासाठी त्याला मान्यता मिळाली.

त्या स्वयंसेवकांना कसलाही आजार नव्हता आणि त्या सुईतून त्यांना बरं व्हायचंही नव्हतं. तरीही त्यांनी हात पुढे केला, रक्त काढू दिलं. त्यांच्या रक्तात जे दिसलं, त्याच्या जोरावर रात्रीच्या त्या इंजेक्शननंतर दुसऱ्या दिवशी अक्काच्या मूलपेशी पिशवीत जमा झाल्या.

हे ऋण त्यांना परत करता येणार नाही, ते पुढेच द्यावं लागतं. तुम्हाला किंवा तुमच्या माणसाला कधी एखाद्या औषधाच्या चाचणीत भाग घेण्याबद्दल, किंवा तपासणीनंतर उरलेला नमुना संशोधनासाठी देण्याबद्दल विचारलं, तर लगेच मान फिरवू नका. आपल्याकडे अशा चाचण्यांची नोंद सरकारी रजिस्टरमध्ये असते, ती पाहा. माहितीपत्रक नीट वाचा, धोके विचारा, नुकसान झालं तर जबाबदारी कोणाची तेही विचारा. आणि पटलं, तर हो म्हणा.