थांबलेली तारीख

न्यू जर्सीत मराठी मंडळी जमली आणि मी इमिग्रेशनची वकिली करते हे कळलं, की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, आम्ही सगळे कागद वेळच्या वेळी भरून ग्रीन कार्डासाठी वर्षानुवर्षं ताटकळतोय. मग सीमा ओलांडून आलेल्यांना नागरिकत्व कशासाठी? त्यांनीही रांगेत उभं राहावं की!" या प्रश्नामागचा राग खरा आहे. नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांत गाशा गुंडाळावा लागेल, या धास्तीत ज्यानं तरुणपण काढलं त्याला तो यावाच. पण त्याचं उत्तर कायद्याच्या कलमांत शिरल्याशिवाय देता येत नाही.

आधी रांगेचं पाहू. नोकरीच्या आधारावर अमेरिका वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डं देते. त्यातली बहुतेक शिकलेल्या आणि कुशल माणसांसाठी. हॉटेलात भांडी घासणं, छपरं शाकारणं, म्हाताऱ्या माणसांची उस्तवार करणं या 'अकुशल' कामांसाठी साऱ्या जगाला मिळून वर्षाला १० हजारांची मर्यादा, तीही कुटुंबीय धरून. प्रत्यक्षात हाती पडतात ती त्याहून कमी. उलट, कागदपत्रांविना राहणाऱ्यांचा अंदाज कित्येक वर्षं १ कोटी १० लाखांच्या आसपास होता आणि अलीकडचे अंदाज त्याहून बरेच मोठे आहेत. ज्या रांगेत उभं राहा म्हणून आपण सांगतो, ती या माणसांपुरती जवळपास अस्तित्वातच नाही.

"मग इथल्या नागरिकाशी लग्न केलं की झालं," असंही लोक म्हणतात. तसं होत नाही. पर्यटक व्हिसावर रीतसर उतरलेला आणि मुदत संपल्यावर राहून गेलेला माणूस अमेरिकन नागरिकाशी लग्न झाल्यावर बहुधा इथूनच अर्ज करू शकतो. सीमा चोरून ओलांडलेल्याला मात्र व्हिसासाठी देशाबाहेर जावं लागतं, आणि तो बाहेर पडला की १९९६ चा कायदा त्याला गाठतो. वर्षभराहून अधिक बेकायदा राहिलेल्यावर १० वर्षांची प्रवेशबंदी येते. जोडीदारावर असह्य आपत्ती कोसळेल हे सिद्ध केलं तर सूट मिळू शकते. पण वर्षभर बेकायदा राहून गेलेला माणूस पुन्हा चोरून आत आला असेल, तर ती सूटही नाही. आधी १० वर्षं बाहेर काढायची, मगच परवानगी मागायची.

अशीच एक फाइल माझ्याकडे आली. नवरा मेक्सिकोचा, हॉटेलात स्वयंपाकी. बायको जन्मानं अमेरिकन, दोन मुलं इथल्या शाळेत. बाईंनी घरातला सगळा पुरावा वर्षवार लावून आणला होता: भाड्याच्या पावत्या, विजेची बिलं, मुलांची लसीकरणाची कार्डं, भरलेल्या आयकराची विवरणपत्रं. शेवटच्या कप्प्यात सासूच्या मृत्यूचा दाखला होता. आईला माती द्यायला तो गावी गेला होता आणि वाळवंट तुडवून पुन्हा बायकोमुलांकडे परतला होता. आपला माणूस किती कुटुंबवत्सल आहे हे दाखवायला बाईंनी तो दाखला जपून ठेवला होता. कायद्याच्या दृष्टीनं मात्र नवरा देशाबाहेर गेला आणि पुन्हा चोरून आत आला याचा तो दाखला धागा होता. कराच्या प्रत्येक पावतीपेक्षा हा एक कागद जड ठरणार, हे मला त्यांना सांगावं लागलं.

आता असा माणूस कोर्टात उभा राहून हद्दपारी रद्द करून घेऊ शकतो का? कलम आहे. १० वर्षांचं सलग वास्तव्य आणि चांगली वर्तणूक लागते, शिवाय नागरिक असलेल्या बायकोमुलांवर अपवादात्मक व अत्यंत असामान्य आपत्ती येईल हेही सिद्ध करावं लागतं. बाप दूर गेल्यानं मुलांना होणारं नेहमीचं दुःख या व्याख्येत बसत नाही. शिवाय साऱ्या देशात वर्षाला ४ हजारच जणांना ही सवलत मिळू शकते. या कोर्टात सरकार वकील पुरवत नाही. ज्याच्यापाशी पैसे नाहीत, तो आपली बाजू स्वतःच मांडतो.

बहुतेक गुन्ह्यांच्या खटल्यांना अमेरिकेच्या संघीय कायद्यात ५ वर्षांची मुदत आहे. पैशांच्या दाव्यांनाही मुदत असते. जुनी प्रकरणं कधीतरी मिटावीत आणि माणसानं पुढं जावं, हे तत्त्व कायद्यानं मान्य केलेलं आहे. हद्दपारीला मात्र अशी मुदतच नाही. विशीत केलेल्या चुकीसाठी साठीतल्या माणसाला, आजोबा झाल्यावरही, उचलता येतं.

हे नेहमीच असं नव्हतं. १९२९ साली अमेरिकी काँग्रेसनं एक साधी सोय केली. ३ जून १९२१ पूर्वी आलेल्या, तेव्हापासून इथंच राहिलेल्या आणि चांगल्या वर्तणुकीच्या माणसाच्या प्रवेशाची नोंद सापडत नसली, तरी त्याला कायम रहिवासी म्हणून नोंदवून घेता येऊ लागलं. आम्ही वकील तिला 'रजिस्ट्री' म्हणतो. आज ती इमिग्रेशन कायद्याच्या कलम २४९ मध्ये आहे. सुरुवातीला तिचा लाभ मुख्यतः युरोपातून आणि कॅनडातून आलेल्यांना झाला. मग ही तारीख पुढं सरकत गेली: आधी १९२४, १९५८ साली १९४०, १९६५ साली १९४८. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या कायद्यानं ती १ जानेवारी १९७२ वर आणली. त्यानंतर ती हललेली नाही. १९८६ साली १४ वर्षं राहिलेल्या माणसाला हा दरवाजा उघडा होता. आज त्यासाठी अर्ध्या शतकाहून जास्त वास्तव्य लागतं.

ही तारीख पुढं आणावी, एवढंच माझं म्हणणं आहे. काँग्रेस सदस्य झोई लॉफग्रेन आणि सिनेटर अ‍ॅलेक्स पडिया यांनी २०२२ मध्ये तसं विधेयक मांडलं होतं: ठरावीक तारखेऐवजी ७ वर्षांच्या सलग वास्तव्याची अट. गंभीर गुन्हे केलेल्यांना कलम २४९ आजही वगळतं आणि पुढंही वगळेल. ज्याला ग्रीन कार्ड मिळेल, त्याला नागरिकत्वासाठी आणखी साधारण ५ वर्षं थांबावं लागेल, इंग्रजी आणि नागरिकशास्त्राची परीक्षा द्यावी लागेल.

विरोधकांचा सर्वांत मोठा आक्षेप १९८६ च्या अनुभवावर उभा आहे, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. त्या कायद्यानं सुमारे २७ लाख लोक कायदेशीर झाले, तरी बेकायदा स्थलांतर थांबलं नाही. कारणं त्या कायद्यातच होती. मालकानं कामगाराचे कागद वरवर पाहिले तरी त्याची जबाबदारी संपत होती, त्यामुळं खोट्या कागदांचा धंदा फोफावला. बारमाही अकुशल कामासाठी पुरेसे रीतसर व्हिसा कुणी निर्माण केलेच नाहीत. म्हणून तारीख हलवताना या दोन्ही गोष्टी सोबत व्हायला हव्यात. सीमेवर कडक पहारा ठेवण्यालाही माझा विरोध नाही. पण उद्या कोण आत येईल हा एक प्रश्न, आणि वीस वर्षं इथं नांदलेल्या घराचं काय करायचं हा दुसरा.

आता आपल्या मंडळींच्या रागाकडे वळते. आपली रांग लांबली ती स्वयंपाक्यामुळं नव्हे. कोणत्याही एका देशाला नोकरीच्या ग्रीन कार्डांपैकी साधारण ७ टक्क्यांहून अधिक मिळू नयेत या अटीमुळं ती लांबली. त्यामुळं वैध व्हिसावर आईवडिलांबरोबर आलेली आपली मुलं २१ वर्षांची झाली की अवलंबितांच्या यादीतून गळतात, आणि वाढली त्याच गावात परकी ठरतात. रजिस्ट्रीची अट वास्तव्याची आहे, त्यामुळं तारीख पुढं आली तर वर्षानुवर्षं एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर राहिलेला पुण्याचा इंजिनिअर आणि त्याची मुलंही त्याच कलमाखाली अर्ज करू शकतील. दोन्ही रांगांना पुढं नेणारी सुधारणा ही एकच आहे.

आणि बेकायदा स्थलांतरित म्हणजे कुणी दुसरे, असं मानायचं कारण नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकी लष्करी विमानानं १०४ भारतीयांना अमृतसरला आणून उतरवलं, त्यात महाराष्ट्राचेही तिघं होते. १९२३ साली तर इथल्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्वासाठी अपात्र ठरवलं, आणि आधी मिळालेलं नागरिकत्वही अनेकांचं हिरावलं गेलं. १९४६ मध्ये काँग्रेसनं कायदा बदलला तेव्हा तो दरवाजा पुन्हा उघडला. आज इथं मतदान करणाऱ्या प्रत्येक मराठी घराचा हक्क त्या बदलावर उभा आहे.

म्हणून आपल्यातल्या ज्यांना मत आहे, त्यांनी आपल्या प्रतिनिधीला फोन करून कलम २४९ विषयी विचारावं. 'माझी रांग आधी' असं म्हणून आपण दुसऱ्याचा रस्ता अडवत राहू तोवर काँग्रेसला काहीच न करण्याची सबब मिळत राहील. जो इथं राबला, कर भरला आणि ज्यानं इथं मुलं वाढवली, त्याच्या वर्षांचा हिशेब कायद्यानं करायलाच हवा, मग तो विमानानं आलेला असो की वाळवंटातून.