घोषणेतले बीफ आणि ताटातले बीफ

बीफ या विषयावर आपल्याकडे भरपूर लिहिले जाते. ते शिजवावे कसे, यावर मात्र कुणी लिहीत नाही. नवा कायदा आला की आपण लेख लिहितो. कुठे एखाद्याला गाडीतून ओढून मारले की निषेधाचे पत्रक काढतो. हे सगळे करायलाच हवे आणि आम्हीही ते करतो. पण या गदारोळात बीफ हे अन्न आहे, हेच विसरले जाते. आमचे म्हणणे साधे आहे. जे अन्न माणूस फक्त निषेध म्हणून खातो, त्यावरचा त्याचा हक्क अजून अर्धाच आहे. शनिवारी रात्री, भूक लागली म्हणून, कुणाला काही सिद्ध करून न दाखवता ते निवांत खाता आले, तर तो हक्क पूर्ण झाला.

म्हणून हा लेख एका जेवणाबद्दल आहे. मंद आचेवर तांबूस केलेला कांदा, मोठ्याचे मांस आणि नूडल्स.

आम्ही म्हणजे पुण्यात शिकायला आणि पोट भरायला आलेले सहा जण. कुणी बीडचे, कुणी नांदेडचे, कुणी सोलापूरचे. दोघे स्पर्धा परीक्षेच्या मागे, एक जण डिलिव्हरीच्या गाडीवर, दोघी नोकरीत, एक जण पीएचडीत अडकलेला. शनिवारी संध्याकाळी आमचा वाचनवर्ग असतो. तो संपला की कुणाच्या तरी खोलीवर चूल पेटते. चूल म्हणजे गॅसची शेगडी, पण शब्द सुटत नाही.

आधी कायद्याचे बोलू, कारण वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न तोच येणार. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर बंदी १९७६ च्या कायद्यापासून आहे. १९९५ च्या दुरुस्तीने ती बैल आणि वळूंनाही लागू केली. या दुरुस्तीला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली ती २०१५ मध्ये. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलीवरची बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कायदेशीर कापलेल्या जनावराचे मांस नुसते जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. म्हशीचे मांस या बंदीत कधीच नव्हते. आमच्या पातेल्यात जाते ते म्हशीचेच. ज्याला घरी 'मोठ्याचं' म्हणतात आणि मुसलमान मोहल्ल्यात 'बडे का', ते हेच.

'मोठ्याचं' हा शब्दही जरा तपासून बघा. त्यात जनावराचे नाव नाही. आमच्या घरांत हा शब्द नेहमी हळू आवाजात आला आहे. "आज मोठ्याचं आणलंय," असे आई सांगते तेव्हा तिचा एक डोळा दाराकडे असतो. कायद्याने मोकळे असलेले मांसही लपवूनच शिजते. २०२५ च्या पावसाळ्यात राज्याच्या अनेक भागांत कुरेशी समाजाने जनावरांची खरेदी-विक्रीच बंद ठेवली, ती याच जाचाला कंटाळून. कागदपत्रे असलेल्या गाड्याही रस्त्यात अडवल्या जात होत्या. म्हातारे जनावर विकता आले नाही की शेतकऱ्याचे पैसे अडकतात, खाटकाचे दुकान बंद पडते आणि आमचे पातेले रिकामे राहते. एका ताटामागे इतकी माणसे उभी असतात.

आता दुसरा प्रश्न. तो बाहेरून येत नाही, आपल्याच माणसांकडून येतो. गावाकडचे जुने कार्यकर्ते विचारतात, "पोरांनो, बाबासाहेबांनी महाडला काय सांगितलं होतं?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर टाळून पुढे जाता येत नाही. मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, असे सांगितले. उष्ट्यापाष्ट्या तुकड्यांवर जगणे सोडा, असेही सांगितले. आमच्या पणज्यांनी ते ऐकले. गावोगाव लोकांनी ढोरे ओढायचे नाकारले, त्यासाठी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. भुकेल्या माणसाने मिळणारे अन्न नाकारणे काय असते, हे पोट भरलेल्याला कळणार नाही.

पण त्यांनी नेमके काय नाकारले, हे नीट पाहायला हवे. मेलेले ढोर गावाने वाट्याला टाकलेले होते. ते ओढायची सक्ती होती आणि त्याचे मांस ही त्या सक्तीची मजुरी होती. त्या मांसाला नाही म्हणणे म्हणजे त्या व्यवस्थेला नाही म्हणणे. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचे मूळ गोमांसाशी जोडून दाखवले. एकेकाळी सगळेच खात होते. वरच्यांनी सोडले, गाय पवित्र ठरवली आणि जे खात राहिले ते अस्पृश्य ठरले. म्हणजे अन्न घाण नव्हते, घाण ठरवले गेले. आम्ही खिशातले पैसे मोजून, दुकानातून, ताजे मांस विकत आणतो. कुणी फेकलेले उचलत नाही. पणज्याने सक्तीचे मांस नाकारले आणि आम्ही निवडीचे आणतो. या दोन्हींच्या मागे एकच स्वाभिमान आहे.

पंचशीलाचा प्रश्नही येतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी गरजेपोटीची हिंसा आणि हिंसेची इच्छा यांत फरक केला आहे. तो वाचून प्रत्येकाने आपापले ठरवावे. आमच्यातल्या एकीने मांस सोडले आहे. तिच्यासाठी त्याच कांद्यात अळिंबी घालून वेगळ्या नूडल्स होतात आणि ती आमच्याइतकीच आंबेडकरवादी आहे. बीफ खाल्ले म्हणून कुणी जास्त क्रांतिकारी होत नाही.

आता स्वयंपाक. सहा जणांना एक किलो मांस, दीड किलो कांदा, सहाशे ग्रॅम नूडल्स. दुकानदाराला सांगायचे, मांडीचे द्या, थोडी चरबी राहू द्या. शेळीच्या मटणाच्या निम्म्याहून कमी पैशांत हे मांस मिळते. आमच्यासारख्यांच्या अंगात प्रथिने जातात ती याच भावामुळे. आहारशास्त्राच्या चर्चेत हा मुद्दा फारसा कुणी काढत नाही.

मांस धुऊन कुकरमध्ये घालायचे. आले, लसूण, दोन तमालपत्रे, दहा-बारा मिरे, मीठ, बुडेल इतके पाणी. म्हशीचे मांस घट्ट असते, त्याला वेळ लागतो. सात-आठ शिट्ट्या मोठ्या आचेवर आणि मग पंधरा मिनिटे बारीक आचेवर. झाकण उघडल्यावर जे पाणी राहते ते फेकायचे नाही. ती अळणी आहे. घरी आजारी माणसाला, बाळंतिणीला वाटीत देतात तीच.

कुकर चढला की कांदा. या जेवणाचा जीव कांद्यात आहे. उभा, पातळ चिरायचा. जाड बुडाच्या पातेल्यात चार चमचे तेल, त्यात सगळा कांदा आणि चिमूटभर मीठ. सुरुवातीला पातेले काठोकाठ भरते आणि नवख्याला वाटते की हे सहा नाही, साठ माणसांचे आहे. कांद्यात दहापैकी जवळपास नऊ भाग पाणी असते. पहिली पंधरा मिनिटे ते पाणीच सुटते. कांदा मऊ पडतो, बसतो, चौथाईवर येतो. मग आच बारीक करायची. इथून पुढे घाई चालत नाही. कांद्यातली साखर हळूहळू तांबूस होते. आधी गव्हाच्या काडीसारखा रंग, मग मधाचा, मग जुन्या गुळाचा. बुडाला खरवड धरली की दोन चमचे पाणी टाकून ती उलथन्याने सोडवून कांद्यातच मिसळायची. चव तिथेच आहे. पाऊण तास लागतो. वरून साखर घालू नये. कांदा स्वतःच गोड होतो.

निखाऱ्यात कांदा भाजून, खोबऱ्याबरोबर पाट्यावर वाटलेले वाटण आपण जाणतोच. हा त्याचाच सावकाश भाऊ आहे. फरक वेळेचा. आमच्या आयांना हा पाऊण तास कधी मिळाला नाही. रोजगारावरून आल्यावर एका हाताने भाकरी थापत दुसऱ्या हाताने कालवण ढवळायचे, त्यात कांद्याजवळ पाऊण तास कोण उभे राहणार? मांस जास्त आले तर पातळ पट्ट्या कापून दोरीवर वाळवत, त्या चान्या. पावसाळ्यात काही नसले की निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर खात. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) हे पुस्तक लिहून हे स्वयंपाकघर कागदावर आणले, नाहीतर मराठी पाककृतींच्या पुस्तकांत आपण नव्हतोच. त्या पुस्तकांतले 'आपले पारंपरिक जेवण' नेमके कुणाचे असते, हा प्रश्न आपण विचारत राहिले पाहिजे.

पाऊण तास कांद्याजवळ कोण उभे राहणार, हा प्रश्न आमच्या खोलीतही आला. स्त्रीमुक्तीवर तावातावाने बोलून झाल्यावर मुली कांदा चिरायला आणि मुले चर्चा पुढे न्यायला, हे चित्र चळवळीत नवे नाही. आमच्याकडे नियम आहे. वर्गात ज्याने सर्वात लांब भाषण केले, त्याने कांदा चिरायचा. भाषणे आटोपशीर झाली आहेत.

कांदा झाला की तो बाजूला काढून त्याच पातेल्यात मांसाचे तुकडे कडेने लाल होईपर्यंत परतायचे. मग कांदा परत आत, वर दोन वाट्या अळणी, दोन चमचे सोया सॉस, चमचाभर व्हिनेगर, भरडलेली मिरी. बीडच्या घरातून आलेले येसूर असते, भाजलेले धान्य आणि मसाला दळून केलेले. त्याचा एक चमचा घातला की रस्सा अंगाला धरतो. नूडल्स पाकिटावर लिहिल्यापेक्षा मिनिटभर कमी उकळायच्या, कारण उरलेल्या त्या रश्श्यात शिजतात. सगळे एकत्र करून दोन मिनिटे झाकून ठेवायचे. वरून पातीचा कांदा.

नूडल्सच का, भाकरी का नाही? भाकरीवर आमचे प्रेम आहेच. पण नूडल्सची एक गोष्ट आम्हाला आवडते. त्यांच्याबद्दल कुठल्या पोथीत एक ओळ नाही. त्या कुणाच्या सोवळ्यात नाहीत, कुणाच्या नैवेद्यात नाहीत. पुरणपोळीचा वास आला की आमच्यातल्या एकाच्या आजीला सणाच्या दिवशी दुसऱ्याच्या दारात ताटकळणे आठवते. नूडल्ससोबत अशी एकही आठवण येत नाही. आपल्या वस्त्यांच्या नाक्यावर चायनीजच्या गाड्या लावणारी पोरे बहुतेक आपलीच असतात. तिथे लोक जात विचारून प्लेट घेत नाहीत. जुने अन्न जपावे आणि नवे अन्न बिनधास्त आपले करावे. परंपरेने ज्याला ताटच नाकारले, त्याने परंपरेच्या शुद्धतेचे ओझे का वाहावे?

हे जेवण गरम खायचे. मांस दाताखाली सुटते, कांदा गोड लागतो, मिरी घशात उतरते आणि आठवड्याचा शिणवटा कमी होतो. जिवाला बरे वाटते. 'जिवाला बरे वाटणे' ही आपल्याकडे चैन समजली जाते. लंडनमध्ये शिकताना बाबासाहेब पापडावर रात्रीची भूक भागवून वाचत बसत, ही गोष्ट आपण प्रत्येक व्याख्यानात सांगतो. ती सांगावीच. पण पुढच्या पिढ्यांनीही अर्धपोटी वाचावे म्हणून ते उपाशी राहिले नव्हते. अभ्यासिकेत बारा तास बसून वडापावावर दिवस काढणाऱ्या पोरापोरींनी हे लक्षात घ्यावे. शरीर झिजवणे म्हणजे निष्ठा नव्हे.

आणि बरे वाटायला नुसते अन्न पुरत नाही. खिडकी उघडी ठेवता यायला हवी. आमच्यातल्या दोघांना खोली शोधताना आधी आडनाव विचारले गेले, मग 'खाता का?' असे विचारले गेले. एका घरमालकाने कुकरच्या वासावरून महिन्याच्या आत खोली खाली करायला लावली. भाड्याच्या जाहिरातीतले 'फक्त शाकाहारी' हे दोन शब्द जात न विचारता जात गाळण्याचे काम चोख करतात. बंद खिडकीआड, उदबत्ती लावून खाल्लेल्या मांसाने पोट भरते, पण जीव शांत होत नाही. म्हणून घरभाड्यातला हा भेदभाव आपल्या मागण्यांच्या यादीत आला पाहिजे. खाण्याच्या स्वातंत्र्याची लढाई कत्तलखान्याच्या दारात जेवढी आहे, तेवढीच ती सोसायटीच्या जिन्यात आहे.

आमची सूचना एवढीच. तुमच्या गावात, वसतिगृहात, वस्तीत जो वाचनवर्ग चालतो, त्याला महिन्यातून एकदा जेवण जोडा. वर्गणी काढा, सगळ्यांनी मिळून शिजवा, ज्यांना मांस नको त्यांचे वेगळे पातेले ठेवा. घरच्या म्हाताऱ्यांकडून चान्या, येसूर, रक्ती कशी करतात ते विचारून वहीत लिहून घ्या, कारण त्यांच्यासोबत ते जाईल. कांदा मात्र दीड किलोच घ्या, त्याच्या खाली पुरत नाही.

जय भीम!