सेल्बोर्नचें कासव आणि आमचें कासव

देवळांत शिरतांना सभामंडपाच्या फरशींत कोरलेल्या कासवावर हळदकुंकू वाहण्याचा प्रघात आपल्यापैकीं बहुतेकांच्या अंगवळणीं पडलेला असतो. तें दगडी कासव कांहीं मागत नाहीं. त्यास ऊन लागत नाहीं कीं थंडी बाधत नाहीं. परंतु जिवंत कासव घरीं आलें, आणि तें घरही इंग्लंडासारख्या थंड व ओलसर देशांत असलें, म्हणजे गृहस्थाच्या दयाबुद्धीची केवढी परीक्षा होते, याचा अनुभव आम्हांस गेल्या दोन वर्षांत आला. त्याच अनुभवाच्या ओघांत हँपशर परगण्यांतील सेल्बोर्न या लहानशा गांवीं आमचें जाणें झालें. तेथें जें दिसलें आणि त्यावरून जें उमगलें, तें वाचकांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

आमचें कासव विकत आणलेलें नव्हे. शेजारीं एक वृद्ध इंग्रज बाई एकट्या राहत असत. त्यांस वृद्धाश्रमांत जाण्याची पाळी आली तेव्हां त्यांनीं आपलें कैक वर्षांचें कासव डोळ्यांत पाणी आणून आमच्या मुलांच्या स्वाधीन केलें. त्याचें मूळचें नांव जॉर्ज. आमच्या घरीं त्याचें पुन्हां बारसें होऊन तें 'कूर्मराव' झालें. उन्हाळाभर कूर्मराव मागच्या हिरवळीवर चरले, उन्हांत पाय पसरून पडले, आणि मुलांच्या हातचीं पिवळीं फुलें मोठ्या ऐटींत खाते झाले. परंतु नोव्हेंबर उजाडला, ऊन निस्तेज झालें, आणि त्यांनीं अन्नावरची वासना सोडली.

आमच्या घरांत कोणीही आजारी पडलें कीं प्रथम शाल काढण्याची रीत आहे. परमुलखांतला हा मुका जीव; त्यास थंडीनें काकडूं द्यावें हें कोणाच्याही मनास पटेना. एका पेटींत गवत घालून, वर जुनी शाल पांघरून, आम्हीं ती पेटी बैठकींत रेडिएटरच्या शेजारीं ठेवली. कूर्मराव झोपले नाहींत आणि जागेही राहिले नाहींत. चारसहा दिवसांनीं डोळे उघडावे, दोन पावलें टाकावीं, पुढें ठेवलेल्या पाल्याकडे पाहून न पाहिल्यासारखें करावें, आणि पुन्हां मान आंत घ्यावी, असा क्रम चालला. फेब्रुवारींत एके सकाळीं आमच्या सौभाग्यवतींनीं त्यास उचललें, आणि त्यांचा चेहराच उतरला. हातांत कासव नसून नुसती करवंटी आहे, असें त्यांस वाटलें.

पशुवैद्य बाईंनीं कासव तपासून जें सांगितलें तें आम्ही कधींही विसरणार नाहीं. कासवास आपल्यासारखी अंगची ऊब नसते. बाहेर जेवढी उष्णता तेवढाच त्याचा जठराग्नि. अन्न नीट पचावयास त्यास कोठें तरी तीस अंशांच्या वर तापलेली जागा लागते. आमच्या बैठकींतील अठरा-वीस अंश हे त्याच्या दृष्टीनें ना उन्हाळा ना हिवाळा. तेवढ्या उबेनें शरीराचा साठा जळत राहतो, परंतु खाण्यापचविण्याची शक्ति येत नाहीं. "तुम्हीं त्यास धड झोपूं दिलें नाहीं आणि धड जागेंही ठेवलें नाहीं," असें त्या शांतपणें म्हणाल्या. आमच्या मायेनेंच कूर्मरावांचा जीव चालला होता, हें ऐकून आम्ही खालीं मान घातली. रोज कोमट पाण्याची आंघोळ, दिव्याची ऊब व औषधपाणी यांनीं कासव हळूहळू सांवरलें. निरोप देतांना त्या बाई म्हणाल्या, "एकदां सेल्बोर्नला जाऊन या. कासव कसें पाहावें, हें तेथें कळेल."

एप्रिलच्या मध्यावर आम्ही सहकुटुंब निघालों. लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून सुटणारी गाडी ऑल्टन येथें थांबते. ती पुढें जात नाहीं. तेथून सेल्बोर्न चारपांच मैल. गांव म्हणजे एक वळणावळणाचा रस्ता, दुतर्फा जुनीं घरें, एक देऊळ, आणि पाठीशीं बीच वृक्षांनीं झांकलेली खडूच्या दगडाची उभी टेकडी. तिला तेथें 'हँगर' म्हणतात. झाडांस पालवी फुटावयाची होती. गिल्बर्ट व्हाइट व त्याचा भाऊ जॉन यांनीं 1753 सालीं या टेकडीवर चढण्याकरितां नागमोडी वाट खणून काढली. तीच वाट चढून मुलें वर पोंचलीं, आणि आम्ही अर्ध्यावर दम खात उभे राहिलों.

हा व्हाइट 1720 सालीं याच गांवीं जन्मला, धर्मोपदेशकाचें काम करीत येथेंच राहिला, आणि 1793 च्या जून महिन्यांत येथेंच वारला. त्यानें दूरदूरचे प्रवास करून नवे मुलूख शोधले नाहींत. अंगणांतले पक्षी, शेतांतले किडे, पाऊस, वारा, पहिलें फूल, शेवटची पाकोळी, हें सारें तो वर्षानुवर्षें पाहत राहिला व टिपत राहिला. त्याच्या पत्रांचें पुस्तक 1789 सालचें. तें आजतागाईत छापलें जात आहे. चर्चच्या आवारांत त्याची समाधि शोधावी लागते. दगडावर नांवाचीं दोन आद्याक्षरें व मृत्यूची तारीख, एवढेंच. जवळच एका प्रचंड यू वृक्षाचें खोड आहे. तो पुराणपुरुष 1990 च्या वादळांत पडला. व्हाइटचें राहतें घर 1955 पासून संग्रहालय म्हणून लोकांस खुलें आहे, आणि आम्ही ज्यासाठीं आलों होतों ती बाग त्याच्या मागें हँगरच्या पायथ्याकडे पसरली आहे.

या बागेंत टिमथी नांवाचें कासव होतें. चिचेस्टर येथें एका खलाशाकडून व्हाइटच्या आत्याच्या यजमानांनीं सुमारें 1740 सालीं तें अर्ध्या क्राउनास घेतलें, आणि ससेक्समधील रिंगमर गांवीं आपल्या घरीं ठेवलें. त्यांच्यामागें आत्यानें त्यास सांभाळलें. 1780 च्या मार्चमध्यें आत्या निवर्तल्या, तेव्हां व्हाइटनें झोपेंतलें तें कासव मातींतून उकरून काढलें, पेटींत घातलें, आणि घोड्याच्या गाडींतून ऐंशी मैल दूर सेल्बोर्नला आणलें. गाडीच्या हिसक्यांनीं तें पुरतें जागें झालें. बागेंत सोडतांच तें दोनदां टोंकापर्यंत चालून आलें. परंतु संध्याकाळ गार पडली तशी त्यानें भुसभुशीत माती उकरून पुन्हां स्वतःस पुरून घेतलें. मालकीण गेली, घर बदललें, गांव बदलला. तरी वेळ झोपेची आहे, हें तें विसरलें नाहीं. हें वाचून आमच्या बैठकींतील ती शाल आम्हांस आठवली.

व्हाइटनें या कासवास लाडानें कुरवाळलें असें फारसें दिसत नाहीं. त्यानें त्यास पाहिलें. नोव्हेंबर लागतांच तें पुढच्या पायांनीं माती उकरतें व मागच्या पायांनीं पाठीवर टाकतें, आणि ही हालचाल घड्याळाच्या तासकांट्याहून फारशी जलद नसते, हें त्यानें टिपलें. ज्याच्या पाठीवरून भरलेली गाडी गेली तरी इजा होऊं नये असें तें कवच. परंतु पावसाच्या शिंतोड्यांस तें एखाद्या नटलेल्या बाईसारखें भितें, आणि पाऊस येणार असला तर सकाळींच अधाशासारखें चरतें, हेंही त्याच्या दृष्टींतून सुटलें नाहीं. शरद ऋतूंत ऊन तिरपें पडूं लागलें म्हणजे तें फळझाडांच्या भिंतीस पाठ टेकून कवच कलतें धरी, म्हणजे प्रत्येक किरण अंगावर यावा. व्हाइट त्यास मधूनमधून तराजूंत घालून वजन टिपी. तें सुमारें साडेसहा पौंड भरे. तीच भिंत पाहून आम्ही तिच्याजवळ उभे राहिलों. एप्रिलचें ऊन कोंवळें होतें, तरी विटांस हात लावतां त्या ऊबदार लागल्या. कासवाचें घर कोठें असावें, हें त्या विटांनीं आम्हांस सांगितलें.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. टिमथीनें उघड्या बागेंत अनेक हिवाळे काढले, म्हणून कोणतेंही कासव तसेंच सोडून द्यावें असा अर्थ कोणीं घेऊं नये. हीं कासवें भूमध्य समुद्राच्या आसपासच्या कोरड्या, उन्हाळ मुलखांतलीं. विसाव्या शतकांत तीं मोठ्या संख्येनें इंग्लंडांत विकावयास येत, आणि पुष्कळशीं पहिल्या हिवाळ्यांतच दगावत. पुढें 1984 सालीं हा आयातीचा व्यापार बंद करण्यांत आला. जें एक जगलें त्याची कथा पुस्तकांत आली. जीं मेलीं त्यांचा हिशेब कोणीं ठेवला नाहीं.

सेल्बोर्नहून परतल्यावर आम्हीं बागेची दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत कूर्मरावांस दिली. तेथें पाण्याचा निचरा व्हावा म्हणून मातींत वाळू व खडी घालून लहानसा उंचवटा केला. कुंपणाच्या फळ्या जमिनींत वीतभर पुरल्या, कारण हा प्राणी मंद असला तरी खणण्यांत चिकट आहे. टिमथीही एकदां बागेबाहेर पडून आठवड्याहून अधिक काळ बेपत्ता होता. एका कोपऱ्यांत कांचेचें छोटें घर बांधून आंत दिवा टांगला. त्याखालची फरशी तीस अंशांवर तापते, आणि त्याच्या प्रकाशांत अतिनील किरणही असतात. खिडकीच्या कांचेंतून हे किरण फारसे येत नाहींत, आणि त्यांवांचून कासवाचीं हाडें व कवच मऊ पडतें. खाण्यास रानचा पाला: डँडेलियन नांवाचें पिवळ्या फुलांचें तण, क्लोव्हर, वर चिमूटभर चुनखडीची पूड. पोळी, भात, दूध हें त्याचें अन्न नव्हे. फळेंही त्यास सोसत नाहींत. आमच्या मुलांस हें पटवितांना पुष्कळ श्रम पडले.

दुसरा हिवाळा आला. पशुवैद्य बाईंनीं कासव निरोगी असल्याचा निर्वाळा दिल्यावरच झोपेची तयारी सुरू केली, कारण दुबळें वा आजारी कासव झोपवूं नये. तीन आठवडे अन्न बंद. पोटांत राहिलेला घांस थंडींत कुजतो व तो घातक ठरतो. मात्र रोज कोमट पाण्यांत बसवून पाणी पाजलें. मग ऊब उतरत्या क्रमानें कमी केली, आणि कूर्मरावांस पेटींत घालून मोटारीच्या खोलींतील एका स्वतंत्र शीतकपाटांत ठेवलें. आंत पांच अंश. तीनच्या खालीं जाऊं द्यावयाचें नाहीं, सातच्या वर चढूं द्यावयाचें नाहीं. गोठणबिंदूखालीं गेलें तर डोळे जातात किंवा जीव जातो. दहाच्या वर गेलें तर झोप चाळवते व साठा जळूं लागतो.

त्याच सुमारास आमच्या मातुश्री पुण्याहून आल्या. भाजी शोधण्यास म्हणून त्यांनीं तें कपाट उघडलें, आणि घरांत हलकल्लोळ झाला. "अरे, हें काय आरंभलें आहेस? जित्या जिवाला लोण्याच्या गोळ्यासारखें कपाटांत घालून ठेवलें आहेस!" आम्हीं पुष्कळ सांगितलें, त्यांचें समाधान झालें नाहीं. शालीची गोष्ट मात्र आमच्या तोंडून लवकर बाहेर पडेना. शेवटीं तीही सांगितली. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग रोज सायंकाळीं हवा बदलण्यासाठीं आम्ही कपाटाचें दार उघडीत असूं, तेव्हां देवाजवळ दिवा लावून झाला कीं त्या मागें येऊन उभ्या राहत आणि विचारीत, "आहे ना रे?" आठवड्यास एकदां वजन करावयाचें. महिन्यास शेंकडा एक एवढी घट चालते. त्याहून अधिक झाली, किंवा पेटींत ओल दिसली, तर तत्काळ जागें करावें लागतें. वहींतले आंकडे लिहिण्याचें काम पुढें मातुश्रींनींच घेतलें.

झोंपतांना एक हजार सहाशें ग्रॅम भरलेलें कासव दहा आठवड्यांनीं एक हजार पांचशें साठ भरलें. टिमथी जवळजवळ पांच महिने झोपे. आपल्या हातीं दिवा असल्यामुळें एवढें लांबविण्याचें कारण नसतें. पेटी उजेडाच्या खोलींत आणली. प्रथम एक पाय हलला, मग मान बाहेर आली. कोमट पाण्यांत ठेवतांच कूर्मराव पाण्यांत तोंड घालून कितीतरी वेळ पीत राहिले. मातुश्री पाटावर बसून पाहत होत्या. तिसऱ्या दिवशीं पहिलें पान तुटलें, तेव्हां त्यांनीं देवापुढें साखर ठेवली.

आतां शेवटची गोष्ट. टिमथी व्हाइटच्या मागें अल्पकाळ जगून 1794 च्या वसंतांत मेला. त्याचें कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्यें आहे. पुढें एकोणिसाव्या शतकांत तें तपासलें तेव्हां कळलें कीं टिमथी हा नर नसून मादी होती. तेरा वर्षें जिला इतक्या बारकाईनें पाहिलें, तिच्याविषयीं एवढी मोठी गोष्ट व्हाइटसारख्यासही कळली नव्हती. हें आम्हीं पशुवैद्य बाईंस हंसत सांगितलें, तेव्हां त्यांनीं आमचें कासव उलटें धरलें, आंखूड शेपूट व सपाट पोट दाखविलें, आणि कूर्मरावांच्या कूर्माबाई झाल्या.

कासवी आपल्या पिलांस दूध पाजीत नाहीं, पंखाखालीं घेत नाहीं, केवळ दृष्टीनें पोसते, असें आपल्या संतांनीं आवडीनें सांगितलें आहे. खरी कासवी अंडीं मातींत घालून निघून जाते, हें आज सर्वांस ठाऊक आहे. परंतु या थंड देशांत तें वचन आमच्याकडे उलटून आलें आहे. हातांनीं करावयाचें थोडें आहे. पांघरूण घालावयाचें तर नाहींच. रोज सायंकाळीं दार उघडून, थंड हवेंत उभें राहून, आंत पाहावयाचें. यंदाही नोव्हेंबरांत तें कपाट चालू होईल. मातुश्रींचें पुण्याहून पत्र आलें आहे. त्यांत मुलांच्या अभ्यासाआधीं विचारणा आहे ती कूर्माबाईंच्या वजनाची.